‘प्राइड अँड प्रेज्युडिस’: आयरनी दुसऱ्या वाचनात सापडते

एमएच्या पहिल्या वर्षाला आम्हाला जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (1813) होती. माझी शाळा मराठी माध्यमाची. ‘श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते, हे सर्वमान्य सत्य आहे,’ हे पहिलंच वाक्य मी सरळ अर्थाने घेतलं आणि ट्युटोरियलमध्ये ते लेखिकेचं लग्नाविषयीचं मत म्हणून लिहून टाकलं. बाईंनी खाली एवढंच लिहिलं होतं, ‘पुढचं वाक्य वाच.’

पुढचं वाक्य सांगतं की असा माणूस नव्याने राहायला आला, की त्याच्या मनात काय आहे हे ठाऊक नसलं तरी शेजारची कुटुंबं त्याला आपल्याच एखाद्या मुलीची हक्काची मालमत्ता समजतात. म्हणजे गरज त्याची नाहीच, मुलीवाल्यांची आहे! हीच आयरनी: शब्द एक सांगतात, खरा अर्थ वेगळाच असतो. बेनेट कुटुंबात पाच मुली, आणि वडिलांमागे इस्टेट जाणार कॉलिन्स नावाच्या पुरुष नातेवाइकाकडे. हे लक्षात आलं की मिसेस बेनेटच्या बडबडीमागची धास्तीही दिसू लागते.

गाइडमध्ये आयरनीचे तीन प्रकार दिलेले असतात: शाब्दिक, प्रसंगनिष्ठ, नाट्यगत. ते एका संध्याकाळी पाठ होतात, टीपा लिहायला कामालाही येतात. पण कादंबरी त्याने उलगडत नाही. मला ती उलगडली सोळाव्या प्रकरणात, तेही दुसऱ्या वाचनात.

तिथे विकम हा देखणा लष्करी अधिकारी नायिका एलिझाबेथ बेनेटला सांगतो की डार्सीच्या (कादंबरीचा श्रीमंत, गर्विष्ठ वाटणारा नायक) वडिलांची आठवण आहे तोवर मी डार्सीला उघडं पाडणार नाही. आणि हे कधी सांगतो? डार्सीने आपल्यावर कसा अन्याय केला, त्याची कहाणी नुकत्याच ओळख झालेल्या मुलीला सांगत असताना! मी डार्सीला टाळणार नाही असंही म्हणतो, आणि अठराव्या प्रकरणात, डार्सी जिथे असतो त्या नेदरफील्ड हाउसमधल्या बॉलला (नृत्यसमारंभाला) येतच नाही. पहिल्या वाचनात मीही त्याच्यावर विश्वास ठेवला होता. एलिझाबेथसारखी हुशार, माणसं ओळखण्याचा अभिमान असलेली मुलगी फसते, कारण विकम दिसायला-बोलायला छान आहे आणि डार्सीने तिचा अपमान केलेला आहे.

छत्तिसाव्या प्रकरणात ती विकमबद्दलची आपली बाजू सांगणारं डार्सीचं पत्र पुन्हा पुन्हा वाचते, विकमचं बोलणं आठवते, आणि परक्या मुलीशी हे सगळं बोलणंच किती अनुचित होतं, हे तिला तेव्हा कळतं. माझ्या मते संपूर्ण कादंबरीतलं हे सगळ्यात मोलाचं प्रकरण. आपण विद्यार्थी म्हणून जे करायला हवं, ते इथे नायिकाच करते.

म्हणून नव्याने वाचणाऱ्यांना माझं सांगणं: पहिल्या वाचनात कुठे अडून राहू नका, गोष्टीची मजा घ्या. मग छत्तिसावं प्रकरण उघडं ठेवून सोळावं पेन्सिल घेऊन वाचा. सहावंही सोडू नका. लग्नातलं सुख हा निव्वळ योगायोग, असं तिथे एलिझाबेथची मैत्रीण शार्लट म्हणते. एलिझाबेथ हसून म्हणते, तू स्वतः असं कधीच वागणार नाहीस. बाविसाव्या प्रकरणात शार्लट कॉलिन्सला होकार देते.