भाकरी कोण टाकणार, ते आधी विचारा

परवा भुसावळहून एका मुलीचा फोन आला. "ताई, नाल्याकाठी कुत्रीची सात पिल्लं सापडली, सगळी घरी आणली. आता काय करू?" मी म्हटलं, जिथून उचललीस तिथे नेऊन ठेव. ती रडायलाच लागली. तिला वाटलं मी पाषाणहृदयी आहे. पण पिल्लांची पोटं टम्म होती, अंग स्वच्छ होतं. म्हणजे त्यांची आई जिवंत होती आणि पोटासाठी कुठेतरी हॉटेलच्या मागे गेली होती. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू वाचवणं म्हणजे काय, ते मी रात्री दोन-दोन तासांनी उठून शिकले आहे. त्यातली निम्मी गेली. तेव्हा रस्त्यावरची पिल्लं वाचवून त्यांना घरं शोधून द्यायच्या या कामात नव्याने पडणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की लांबून दोन-तीन तास नुसतं बघत बसा. आई आलीच नाही, तर मग हात लावा.

मी जळगावात राहते. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. एक स्कूटी, केळीचे दोन रिकामे क्रेट आणि घरच्यांची बोलणी, एवढंच भांडवल. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची, अधूनमधून जंताचं औषध, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. आणलेलं पिल्लू निदान दोन आठवडे स्वतःकडे ठेवा, लगेच कुणाला देऊ नका. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू अंगात असला तरी काही दिवस पिल्लू उड्या मारत असतं. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं, तिथल्या मातीत तो विषाणू कित्येक महिने टिकतो. फिनाईलने तो मरत नाही, ब्लीचने मरतो. हात लावायच्या आधी स्वतःही रेबीजच्या आगाऊ लशी घेऊन ठेवा. चावा बसलाच तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, मिरची भरणाऱ्या काकूंचं ऐकायचं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते.

कळणी नावाची पिल्ली होती. कळण्याच्या भाकरीसारखा रंग, काळपट आणि मध्ये करडे ठिपके. मादी म्हणून कुणी घेईना. आमच्याकडे "नर असेल तर द्या" हे वाक्य मी इतकं ऐकलंय की झोपेतही ऐकू येतं. शेवटी थंडीत, भरिताच्या दिवसांत, यावलकडचा एक माणूस तयार झाला. केळीचा मोठा बाग, स्वतःची गाडी, बोलणं गोड. राखणीला कुत्रं हवंच होतं, म्हणाला. मी घर बघायला गेले, म्हणजे मळा बघायला. झाडं, सावली, पाटाचं पाणी. मला वाटलं, पोरीचं नशीब उघडलं. फॉर्म भरून घेतला, आधार कार्डाचा फोटो घेतला, मालकाच्या कडेवर कळणी असा फोटोही काढला. त्या फोटोवर लोकांनी किती हार्ट पाठवले!

तिथे सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मळ्यात राबणाऱ्या गड्याची, बायको उभी होती. कळणी फोटो झाल्याबरोबर तिच्याच पायाशी जाऊन बसली. बाई हळूच म्हणाली, "आमी तं आखाजीपावतर हाय ताई. पुढचं मालकाले माहीत." मी हसले. खरंच हसले, आणि परत मालकाकडे वळून लशीच्या तारखा सांगायला लागले.

आपल्याकडे सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरते हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आजोळी जन्मभर तेच बघितलंय. आखाजीला जुना हिशेब मिटतो, सालदार बिऱ्हाड उचलतो, नवा येतो. पण कुत्रं कुणाचं, हा प्रश्न त्या हिशेबात कुठे बसतो, याचा विचार मी केला नव्हता. मालक गावात राहतो, दिवसातून एक चक्कर मारतो. भाकरी टाकते सालदाराची बायको. पाणी भरते तीच. पिल्लाला काटा रुतला तर काढते तीच. म्हणजे मी पिल्लू दिलं एकाला आणि सांभाळणार होती दुसरीच, जिच्याशी मी दोन वाक्यंही धड बोलले नव्हते. आखाजीला ते कुटुंब गेलं. नव्या सालदाराने कळणीला मागितलं नव्हतं, तिला ओळखत नव्हता, आणि त्याच्या लेकराला कुत्र्याची भीती वाटत होती. त्याने तिला मोटरच्या खोलीपाशी नायलॉनच्या दोरीने बांधलं. त्याच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं.

मालकाचे फोटो मात्र येत राहिले. दर पंधरा दिवसांनी. मृगाच्या तोंडावर माझ्या लक्षात आलं की प्रत्येक फोटोत मागे तोच झेंडू फुललेला आहे. थंडीतला. स्कूटी काढली आणि न सांगता गेले.

तिचं अंग वाढलं होतं, दोरी तेवढीच होती. ओढून ओढून ती गळ्यात रुतली होती, मांसाच्या आत, आणि अळ्या पडल्या होत्या. पत्र्याची सावली सकाळी तिच्यावर असायची, दुपारी सरकायची, तिची दोरी तिथपर्यंत पुरत नव्हती. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. प्लॅस्टिकच्या टोपल्यात पाणी होतं, पण चहाइतकं गरम.

ती वाचली. जखम भरायला दीड महिना लागला, गळ्याभोवती आजही केस येत नाहीत. त्या बाईला शोधून फोन केला, तर तिला कळणी हवी होती, पण नव्या मळ्याचा मालक नको म्हणाला. म्हणून कळणी माझ्याकडे आहे, आणि आत्ता हे टाइप करताना चपलेचा पट्टा खातेय.

तर, घर बघायला जाल तेव्हा दुपारी तीनला जा. सकाळी सगळीकडेच सावली असते. पाण्यासाठी सिमेंटची डोणी आहे का बघा, आणि लाइट नसताना ती कोण भरतं ते विचारा. "कुत्रं पाहिजे" म्हणणाऱ्याशी बोलणं झालं की त्याला बाजूला सारा आणि भाकरी टाकणाऱ्या माणसाला शोधा. मळ्यात ती सालदाराची बायको असेल, गावातल्या घरात बहुतेक वेळा सासू. पोरगं हट्ट करतं, बाप हो म्हणतो आणि शी-सू काढते आई. तिने तोंड वाकडं केलं तर पिल्लू देऊ नका, बाप कितीही गोड बोलला तरी. आणि फोटो नको, व्हिडिओ कॉल मागा. तोही न सांगता.

लशीचे पैसे त्यांनाच भरायला लावा, असं माझं ठाम मत आहे. "फुकटात द्या" म्हणणाऱ्याला कुत्रं देणं मी बंद केलंय. यावरून माझ्याशी भांडलेल्या मैत्रिणी आहेत, असू देत. आणि ते दुःखी गाणं लावलेले रील! पुण्या-मुंबईचे दोनशे जण "किती गोड" लिहितात, घर एकही मिळत नाही. माझी सगळ्यात चांगली घरं दूधवाल्याने मिळवून दिलीत. तो रोज पन्नास दारं बघतो, कुठल्या दारात कुत्र्याच्या ताटलीत काय असतं हे त्याला ठाऊक असतं. गुरू करायचाच असेल तर जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर करा, फोनवरून सल्ले देणाऱ्या ताई नको. मीही त्यातलीच, हे मान्य.

बांधून उपाशी ठेवलेलं कुत्रं दिसलं की रात्री जाऊन सोडवून आणू नका. कायद्याने ते दुसऱ्याची मालमत्ता आहे आणि चोर तुम्ही ठरता. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 अन्न, पाणी, निवारा न देण्याला, सोडून देण्याला आणि कुत्र्याला सतत जखडून ठेवण्याला गुन्हा म्हणतं. पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये आहे. तेवढ्यात शेवभाजीची प्लेटही येत नाही. ठार मारलं किंवा अपंग केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते, तिथे कचरू नका, लेखी तक्रार द्या. एरवी मी लांब साखळी, रुंद पट्टा आणि बारदान घेऊन जाते, "दादा, एवढं लावून बघू का" म्हणते. दहातले बरेचसे लोक लावू देतात. दुष्ट नसतात ते, कुणी सांगितलेलं नसतं. सांभाळणं होतच नसेल तर कुत्रं तुमच्याकडे देत असल्याचं दोन ओळीत लिहून, सही घेऊनच आणा. गोचीड झाली म्हणून कपाशीवरचं औषध किंवा खरजेवर जळालेलं ऑइल फासणाऱ्याला मात्र मी आवाज चढवूनच बोलते, कारण कुत्रं ते चाटतं आणि मरतं.

तुमचंही एखादं घर चुकणार. त्या रात्री हे काम सोडावंसं वाटेल. मी तीन महिने सोडलंही होतं. मग कुणीतरी गेटला पिशवी अडकवून गेलं, आत दोन माद्या होत्या.

हल्ली आखाजीच्या आठवडाभर आधी मी वही घेऊन बसते आणि मळ्यांत दिलेल्या प्रत्येक कुत्र्यासाठी फोन लावते. मालकाला नाही. यंदा एका बाईने उलट मलाच विचारलं, "ताई, आमी चोपड्याकडे चाल्लो, मालकाशी बोलून याले संगं नेऊ का?" मी वहीत जुना पत्ता खोडून नवा लिहिला.