स्कीममध्ये सामाईक वॉशिंग मशीन घेताय? आधी गच्चीवर जाऊन या

नागपूरच्या मनीषनगरातली आमची स्कीम, म्हणजे अपार्टमेंट, १६ फ्लॅटची. निम्म्याहून जास्त फ्लॅट भाड्याने, त्यांत बहुतेक शिकणारी पोरं आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरी. प्रत्येक बाथरूममध्ये मशीन कोंबण्यापेक्षा सगळ्यांत मिळून घेऊ, असं ठरलं.

आधी दारोदार विचारा, आठवड्यातून किती वेळा मशीन लावाल? आमच्याकडे बेरीज ४० च्या आसपास आली. एक मशीन दिवसाला ४ खेपा सहज काढतं, म्हणजे आठवड्याला २८. दोन पुरली. एकट्या माणसाचे कपडे थोडेच असतात, तेव्हा १० किलोचा ड्रम अर्धा रिकामा फिरवण्यापेक्षा ७ किलोची दोन बरी.

मग जागा. इथे आम्ही चुकलो. वाळत घालायला सोपं म्हणून मशीन गच्चीवर ठेवलं, पण टाकी नळापेक्षा जेमतेम ५ फूट वर. पाण्याला जोरच नाही. मशीन भरत बसायचं आणि शेवटी एरर दाखवून थांबायचं. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. मशीनला किमान किती लागतो ते माहितीपुस्तिकेत असतं. शेवटी खाली पार्किंगमागच्या खोलीत आणलं. आता ओल्या बादल्या लिफ्टने वर जातात, त्याला इलाज नाही.

आता विजेचा मुख्य मुद्दा. ड्रम फिरवायला फारशी वीज जात नाही, ती जाते पाणी तापवण्यात. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला जवळपास १ युनिट लागतं, ४० वर थांबलात तर अर्धं. आणि आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं! तेव्हा दुकानात मशीन चालू करून बघा, सुरुवातीलाच कोणतं तापमान दाखवतं? आमचं आपणहून ४० वर जायचं आणि पोरं न बघता बटण दाबायची. थंड पाण्याचा पर्याय एका बटणात मिळाला पाहिजे.

स्टार लेबलवर नुसते तारे मोजू नका. दर किलोला, दर खेपेला किती वीज आणि किती पाणी, हे आकडे ताडून बघा. लेबलचा कालावधीही वाचा, कारण निकष बदलले की जुने ५ तारे नव्या ५ ताऱ्यांइतके राहत नाहीत.

ड्रायर? माझं मत, घेऊ नका. मे महिन्यात चादर तासाभरात कडक होते. अडचण पावसाळ्याची. त्यासाठी पिळण्याचा वेग बघा, मिनिटाला १२०० ते १४०० फेऱ्यांचं मशीन घ्या. कपड्यांत उरलेलं १ लिटर पाणी उष्णतेने उडवायला ०.६ युनिटहून जास्त ऊर्जा लागते. फिरवून काढलेलं पाणी त्यामानाने फुकटच. उरलेलं काम दोरी आणि पंखा करतात. घ्यायचाच झाला तर हीट पंपवालाच, म्हणजे तीच उष्णता पुन्हा वापरणारा घ्या, साध्याच्या साधारण निम्म्या विजेत भागतं.

बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या खसकडे एकदा नजर टाका. जे पांढरं पुट तिथे बसतं, तेच मशीनच्या हीटरवर बसतं. शक्य असेल तर नळाच्या पाण्याची लाइन द्या.

मीटरचा विषय दुकानात कुणी काढत नाही. लिफ्ट आणि पंपाच्या सामाईक मीटरवर घरगुती दर असेल, तर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या ओलांडल्या की पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. मशीनची वीज या वरच्या पायरीवरच येते. हीटरवालं मशीन २ किलोवॅटपर्यंत ओढतं, म्हणून मंजूर भारही तपासा. पैसे घेऊन मशीन वापरायला देणार असाल तर दर कोणता लागेल, हे महावितरणकडे आधीच विचारून ठेवा. वॉरंटी कार्डही नीट वाचा, घरगुती मशीनची वॉरंटी अशा वापराला चालेलच असं नाही.

शेवटी दोन्ही मशीनला एक सब-मीटर लावा आणि महिन्याच्या युनिटांना खेपांनी भागा. डिसेंबरात आमचा आकडा एकदम वर गेला, तेव्हा खोलीत जाऊन पाहिलं. एका मशीनच्या पडद्यावर ६० चमकत होतं आणि आत दोन टी-शर्ट फिरत होते.