"उन्हाळा आला, एसीवाले शेअर घे" हे खरं की नुसत्या गप्पा, १५ मिनिटांत तपासा

फेब्रुवारी लागला की ठाण्याच्या ८:१७ च्या लोकलमध्ये कोणीतरी ही टीप देतंच, आणि मी दोनदा ऐकून घेतलेत पण.

आता घ्यायच्या आधी एवढं करतो:

१. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजार) साईटवर जुन्या भावांच्या पानावर जायचं, शेअर निवडून 'मंथली' करायचं, १० वर्षं.

२. वहीत दर वर्षाची एक ओळ, जानेवारीअखेरचा भाव, मेअखेरचा भाव, किती टक्के वरखाली.

३. बाजूला त्याच महिन्यांचा सेन्सेक्स, म्हणजे मोठ्या कंपन्यांवरून काढलेला बाजाराचा निर्देशांक. हे सोडू नका, कारण सगळा बाजारच वर गेला असेल तर त्यात उन्हाळ्याचं काय कौतुक!

१० पैकी ७-८ वेळा सेन्सेक्सपेक्षा जास्त दिलं असेल तरच मी पुढचा विचार करतो, ५-६ वेळा म्हणजे छापा-काटा. आणि २०२० ची ओळ वेगळी धरा, लॉकडाऊनमध्ये दुकानंच बंद होती.

एक सांभाळा, त्या पानावरचे भाव स्प्लिट (एका शेअरचे लहान तुकडे) आणि बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) धरून बदललेले नसतात. १ ला १ बोनस, म्हणजे एका शेअरवर एक फुकट, झाला की भाव साधारण अर्धा दिसतो, मी एकदा त्यालाच ५० टक्के घसरण समजून बसलेलो.