गुऱ्हाळावर काकवी चाखायला जाताना

नाशिकच्या द्राक्षमळ्यांत लोक वाइन चाखायला जातात, तसे कोल्हापुरात उसाच्या हंगामात गुऱ्हाळावर जावे. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरी पेठेने ज्या गुळाला बाजार मिळवून दिला, तो इथे डोळ्यांदेखत तयार होतो. दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत आणि मालकांना आदल्या दिवशी विचारून ठेवावे, कारण पाहुण्यांसाठी काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी कढई, थांबत नाही.

रस काहिलीत तापू लागला, की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढतात. हा टप्पा सावकाश पाहावा. काळपट फेस कडेला सरतो आणि खालचा रस सोनेरी होत जातो. चुलवणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळत असतात. सुमारे १०५ अंश सेल्सिअसला काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ पाक, काढता येते. गुळासाठी साधारण ११८ अंश लागतात, पण अनुभवी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थोडा पाक थंड पाण्यात सोडून त्याची गोळी वळते का, एवढेच पाहतो. त्या वेळी त्याला प्रश्न विचारू नयेत, आणि मुलांना काहिलीजवळ अजिबात सोडू नये.

चाखण्याचा क्रम रस, काकवी, गरम गूळ असा ठेवावा. घरून भाकरी व शेंगदाणे न्यावेत. काकवीत बुडवलेल्या भाकरीपुढे डब्यातील चटणी बहुधा तशीच परत येते. गूळ विकत घेताना मात्र पिवळ्याधमक ढेपेला भुलू नये. माझी पसंती तांबूस गुळालाच आहे.