सुपरची पोती सरीत पडायच्या आधी माती तपासा, नाहीतर गांडुळं जातील

मंडळी, वळीव सुरू झालेत, पंधरा-वीस दिवसांत मृगाचा पाऊस येईल आणि मग कुणालाच वेळ नसतो. म्हणून आत्ताच सांगतो, मातीचा नमुना याच आठवड्यात काढा. एकदा रान गच्च भिजलं की नमुना नीट निघत नाही आणि खत पडल्यावर काढला तर त्या रिपोर्टला काही अर्थ नसतो. दर साली बघतोय, जुलैमध्ये अडसाली उसाची लागण आली की दुकानातनं उधारीवर सुपरची (सिंगल सुपर फॉस्फेट, स्फुरदाचं म्हणजे फॉस्फरसचं खत) नाहीतर १८:४६ ची (डीएपी) पोती येतात आणि थेट सरीत जातात. माती तपासली का विचारलं तर उत्तर ठरलेलं, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून आपण टाकलं.

आता सुपरचा आणि गांडुळाचा काय संबंध ते सांगतो, कारण हे दुकानदार सांगणार नाही.

स्फुरदाची सगळी रासायनिक खतं रॉक फॉस्फेटच्या दगडापासनं होतात आणि त्या दगडात ३ ते ४ टक्के फ्लोरिन असतंच. कारखान्यात त्यातलं थोडं उडून जातं, बाकीचं पोत्यात येतं, सिंगल सुपरमध्ये साधारण १ ते २ टक्के. अडसालीची कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो नत्र, स्फुरद, पालाश आहे, म्हणजे एकरी ६८ किलो स्फुरद. ते सगळं सुपरमधनं दिलं तर सव्वाचारशे किलो, साडेआठ पोती. त्याच्याबरोबर एकरी ४ ते ८ किलो फ्लोराइड रानात जातं. एकराच्या वरच्या थरात साधारण ९ लाख किलो माती असते, त्या हिशोबानं हे काहीच नाही, आणि एका वर्षात कुठलं गांडूळ यानं मरत नाही हे पण खरं. पण ते पाण्याबरोबर फारसं वाहून जात नाही, वरच्या थरातच साठत राहतं. वीस-पंचवीस वर्षं माती न बघता टाकलं, आणि वर रान चोपण (सोडियम वाढून बिघडलेलं) निघालं, की मग खेळ बदलतो.

चोपण का म्हणतो ते बघा. फ्लोराइड कॅल्शियमला धरून बसलं तर ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लिटरात जेमतेम १६ मिलिग्रॅम. तेच सोडियमबरोबर गेलं तर लिटरात ४० ग्रॅमपर्यंत विरघळतं. चुनखडीच्या चांगल्या काळ्या रानात कॅल्शियम भरपूर असतो म्हणून फ्लोराइड गप पडून राहतं. पण वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात पाणी देऊन देऊन जी रानं पांढरी पडलीत, सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलाय, तिथं सोडियमचं राज्य असतं आणि हे फ्लोराइड मातीच्या पाण्यात उतरतं. गांडुळाला फुप्फुस नसतं, ते ओल्या कातडीनं श्वास घेतं आणि दिवसभर माती गिळत असतं, म्हणजे आतनं बाहेरनं दोन्हीकडनं ते त्याच पाण्यात असतं. फ्लोराइड अंगात साठतं, वाढ खुंटते, अंड्यांचे कोष कमी होतात. मेलेली गांडुळं वर येऊन पडत नाहीत म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त पुढच्या पावसाळ्यात विष्ठेच्या बारक्या गोळ्या दिसेनाशा होतात. मग पाणी मुरत नाही, सरीत तुंबून राहतं, मुळ्या कुजतात, ऊस पिवळा पडतो. नदीकाठची अशी किती रानं बघितलीत, गांडुळं आधी गेली आणि ऊस मागनं गेला. सगळं खापर फ्लोराइडवर फोडत नाही, खारं पाणी, निचरा नसणं, पाचट जाळणं हे सगळं त्यात आहेच. पण माती तपासली असती तर निम्म्या रानात एवढं सुपर लागलंच नसतं, हे मी छातीठोक सांगतो.

महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या तांबड्या मातीवाल्यांनी पण हसू नये. सामू साडेपाचच्या खाली गेला की फ्लोराइड ॲल्युमिनियमला धरून सुटं होतं. म्हणजे दोन्ही टोकं वाईट, मधलं ६ ते साडेसहा सगळ्यात बरं.

आता नमुना. शेतात नागमोडी चालत १०-१२ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती घ्या, एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो ठेवा. बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची, पाटातली माती नको. खताच्या रिकाम्या पोत्यात तर अजिबात भरू नका, हे लोक अजून करतात! काळं रान आणि पांढरं रान यांचे नमुने वेगळे. जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा, कारखान्याची लॅब, बोरगाव किंवा कांचनपूरचं कृषी विज्ञान केंद्र, जे जवळ पडेल तिथं द्या.

साध्या रिपोर्टमध्ये फ्लोराइड येत नाही, मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत ते नाहीच. त्यामुळं तुम्ही सामू, क्षारता आणि स्फुरद हे तीन आकडे बघायचे. स्फुरद हेक्टरी २८ किलोच्या वर म्हणजे जास्त, शिफारशीतला चौथा भाग कमी करा. ३५ च्या वर म्हणजे अत्यंत जास्त, सरळ निम्मं करा. सामू साडेआठच्या वर असेल तर सोडियम आणि जिप्समची गरज वेगळी सांगून काढून घ्या. बोअरच्या पाण्याचा पण नमुना द्या आणि त्यात फ्लोराइड मागून तपासा, शेतीच्या पाण्याला लिटरात १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, आणि तेच पाणी घरात पीत असाल तर दीड मिलिग्रॅमच्या वर अजिबात नको.

बियाणं लावताना हेक्टरी ॲसिटोबॅक्टर १० किलो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सव्वा किलो, १०० लिटर पाण्यात, उसाच्या टिपऱ्या (लावायचे तुकडे) अर्धा तास बुडवा. यानं स्फुरद २५ टक्के वाचतं असं विद्यापीठच सांगतं. रिपोर्टची काटछाट आणि हे, दोन्ही धरलं तर पोती किती उरतात ते तुम्हीच मोजा. दुकानदार या जिवाणूंचं नाव काढत नाही कारण त्यात त्याला सुटतं काय?

उलट सध्या दोन गोष्टी गळ्यात मारतायत. एक, सेंद्रिय म्हणून कच्चं रॉक फॉस्फेट. ते आंबट मातीतच लागू होतं, आपल्या ८ सामूच्या काळ्या रानात ते दगड म्हणूनच पडून राहतं आणि वर सगळं फ्लोरिन तुमच्या पदरात. गांडूळखताच्या बेडमध्ये पण ते मिसळा म्हणतात, माझं मत, बेडमध्ये नको, गांडुळं त्या कोपऱ्यातनं सरकतात असं मला दिसलंय, शास्त्र काय म्हणतं ते म्हणू दे. दुसरी, जमीन भुसभुशीत करणारी महाग बाटली. चोपण रान बाटलीनं भुसभुशीत होत नाही, त्याला जिप्सम आणि निचरा लागतो. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हाकलतो आणि फ्लोराइडला पण बांधतो, एका खर्चात दोन कामं. फक्त चर नाहीतर सच्छिद्र पाइप आधी टाका, निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत. डोस लॅबनं सांगितलेल्या गरजेच्या निम्म्यापासनं सुरू करा आणि वरच्या वीतभर मातीत मिसळा.

द्राक्षवाले, ड्रिपमधनं फॉस्फरिक ॲसिड सोडताय तर कॅनवर लेबल आहे का बघा. काळपट-हिरवट ॲसिड हे खतासाठीचं कच्चं, त्यात फ्लोराइड असतं, आणि ते ड्रिपरखाली, जिथं गांडूळ आणि पांढरी मुळी असते, तिथंच पडतं. स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं घ्या आणि तेही गरज असेल तरच. नदीकाठच्या वीटभट्ट्यांजवळ बाग असेल तर पानांच्या कडा करपतात का बघा, माती भाजताना फ्लोराइडचा वायू सुटतो आणि द्राक्षाला तो पटकन बाधतो. बांधावर ग्लॅडिओलसचे चार कंद लावून ठेवा, त्याचं टोक सगळ्यात आधी जळतं. पाण्याचा ताण बसला तरी जळतं म्हणा, पण पाणी नीट असून जळलं तर समजायचं. आणि भट्टी बंद होताना फुकट मिळते म्हणून राख आणून रानात पसरू नका.

बाकीची कामं:
- पाचट जाळू नका, कुजवताना टनाला युरिया ८ किलो, सुपर १० किलो, जिवाणू १ किलो
- चोपण रानात धैंचा (हिरवळीचं खत) पेरा, ४५-५० दिवसांत गाडा
- चोपणाला उसाची फुले २६५ जात
- सोयाबीन ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका
- हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवरनं झाडून रॉकेलच्या पाण्यात, फोरेट हे कीटकनाशक बंदीत आहे, कुणी मागच्या दारानं दिलं तरी घेऊ नका, ते गांडुळाचा पण काळ आहे

गांडुळं आहेत का हे घरच्या घरी बघायचं तर पाऊस लागून वाफसा आल्यावर सकाळी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या, माती गोणपाटावर पसरून मोजा. १० च्या आसपास निघाली तर रान चांगलं. ४-५ च्या खाली असतील तर माझ्या अंदाजानं त्या रानाला यंदा सुपर अर्ध्यावर आणा आणि शेणखत वाढवा. खोल गेलेली बघायची तर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मोहरीची पूड कालवून खड्ड्याच्या तळात ओता, पाच-दहा मिनिटांत वर येतात, मोजून झाली की साध्या पाण्यात धुवून परत सोडा. चांगल्या आणि पांढऱ्या रानात दोन्हीकडं मोजा आणि आकडा मातीच्या रिपोर्टच्या मागं लिहून ठेवा, पुढच्या साली त्याच जागी परत मोजायचंय.