"मला काही झालेलं नाही" म्हणणाऱ्या घरच्या माणसाला डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं

घरातला माणूस रात्र रात्र जागतो, एकटाच बोलतो, शेजारचे माझ्यावर पाळत ठेवतात म्हणतो, आणि आपण डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतो, मला काय धाड भरलीये, तूच दाखवून ये. आमच्याकडे दादाचं हे दीड वर्ष चाललं आणि त्या काळात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या आम्ही करून बसलो, म्हणून लिहितोय.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की तो नाटक करत नाहीये आणि हट्टालाही पेटलेला नाहीये, त्याला खरंच कळत नाहीये. याला ॲनोसोग्नोसिया म्हणतात. १९१४ मध्ये बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टने हा शब्द काढला, त्याच्या पेशंटची डावी बाजू लुळी पडलेली असायची पण त्यांना त्याचा पत्ताच नसायचा. स्किझोफ्रेनियात (नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय पक्के बसणं असा आजार), बायपोलर आजाराच्या मॅनियात, म्हणजे मन बेफाम चढतं त्या काळात, मनाच्या बाबतीत असंच होतं. स्किझोफ्रेनियाच्या निदान निम्म्या लोकांना तरी आपण आजारी आहोत हे नीट कळत नाही असं मानतात, डॉक्टर लोक याला "इन्साइट नाही" म्हणतात. अर्थात नाही म्हणणारा प्रत्येक जण यातला नसतो, काहींना आतून कळत असतं पण लोक काय म्हणतील किंवा शॉक देतील ही भीती असते, त्यांची समजूत काढता येते. दादाची नाही काढता आली.

तर पहिलं काम म्हणजे वाद बंद करा. दादाने टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सच्या लाल लाइटवर चिकटपट्टी लावली होती, त्यात माइक आहे म्हणून. बाबांनी एका रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन अख्खा बॉक्स त्याच्यासमोर खोलला, बघ, आहे का माइक? दादा शांतपणे म्हणाला, "तुम्ही खोलणार हे त्यांना माहीत होतं, काल रात्रीच काढून नेला." आता बोला! पुरावा दाखवून भास जात नाही, उलट आपण त्यांना सामील आहोत हे त्याच्या मनात पक्कं होतं.

दुसरं, जेवणात गोळ्या मिसळू नका. आम्ही मिसळल्या. कोणीतरी सांगितलं आणि आईने आमटीत गोळी कुटून घातली, पाच-सहा दिवस गेले आणि मग त्याला वाटीच्या तळाशी पांढरं काहीतरी दिसलं. त्यानंतर चार महिने तो घरात शिजवलेलं जेवला नाही, स्वतः फोडलेला बिस्किटचा पुडा आणि स्वतः सोललेलं उकडलेलं अंडं, बस्स. आमच्यावर विष घालण्याचा संशय होताच, आता पुरावा पण मिळाला. देवदर्शनाला जाऊ म्हणून गाडीत बसवून हॉस्पिटलच्या दारात उतरवणं हाही तसलाच प्रकार, एकदाच जमतो.

मग करायचं काय, तर ऐकायचं. झेवियर अमाडोर नावाचे अमेरिकन सायकॉलॉजिस्ट आहेत, त्यांच्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया होता, त्यांनी यासाठी एक पद्धत बसवली, लीप म्हणतात तिला: आधी ऐका, त्याचा त्रास समजून घ्या, जेवढं दोघांना पटतं तेवढ्यावर एकमत करा, मग मिळून काम करा. आजार मान्य करवून घ्यायचाच नाही, त्याला स्वतःला काय हवंय ते शोधायचं. दादाला झोप हवी होती. हे कळायला मला तीन आठवडे रोज रात्री गच्चीवर त्याच्यासोबत बसावं लागलं, आणि एकदाही "असं काही नसतं रे" म्हणायचं नाही, ते फार जड जातं.

तो विचारणारच, तुला पटतं का माझं? खोटं हो म्हणू नका. मी म्हणायचो, "दादा, मला तो आवाज ऐकू येत नाही, माझं चुकतही असेल, पण तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, आणि चार रात्री झोप नाही म्हणजे कोणीही हैराण होईल." यावर तो पहिल्यांदा म्हणाला, हो ना यार. मग झोपेसाठी आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे, आणि त्यांच्या सांगण्यावरून सायकॅट्रिस्टकडे. आजाराचा शब्दही कोणी काढला नाही.

सायकॅट्रिस्टला त्याच्या आधी तुम्ही एकटे भेटून घ्या. जाताना वही न्या: तारीख, किती तास झोपला, काय खाल्लं, काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. "विचित्र वागतो" याचा डॉक्टरला काही उपयोग नसतो. रोज गोळी घेणं होणार नसेल तर महिन्याने किंवा पंधरवड्याने घ्यायची इंजेक्शनं असतात, त्याबद्दल नक्की विचारा.

पण तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं दिसत असेल तर गच्चीवर बसायची वेळ गेली, तेव्हा थेट ११२ किंवा जवळचं हॉस्पिटल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अशा इमर्जन्सीत कोणताही रजिस्टर्ड डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. त्याची तयारी नसताना ॲडमिट करायचं तर कलम ८९ आहे, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाने, अर्ज द्यायचा, दोन तज्ज्ञ त्याला वेगवेगळं तपासतात, आणि ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो. मी रात्री दोनला बाथरूममधून केला होता.

उपचार सुरू झाले की आता त्याला पटेल, तो म्हणेल मी आजारी होतो, अशी वाट बघत बसू नका. दादाची झोप सुधारली, आवाज कमी झाले, तो पुन्हा दुकानात बसायला लागला, पण आजही विचाराल तर म्हणतो, मी झोपेचं इंजेक्शन घेतो. घेऊ दे. आईला वाटायचं एकदा तरी कबूल करावं, मी तिला म्हटलं कबुली घेऊन काय लोणचं घालायचंय?

आणि तो बरा असतानाच एक काम उरकून घ्या. पुन्हा त्रास झाला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे कुठलाही सज्ञान माणूस या कायद्याने आधीच लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधीही नेमू शकतो. फॉर्म कसा भरायचा, नोंद कुठे करायची ते डॉक्टरांना विचारा. भरताना वाक्यं त्याचीच ठेवा, आपली घुसडू नका. दादाने प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलंय, आणि काय नको त्या रकान्यात पहिलीच ओळ लिहिलीये: आमटीत काही घालायचं नाही.