वातीचं मशीन घेण्याआधी: घरबसल्या कामाच्या नावाखालची फसवणूक कशी ओळखावी

कापसाची वेचणी आटोपली की गावात बायांना मजुरी मिळत नाही. नेमक्या त्याच दिवसांत मोबाईलवर जाहिराती दिसू लागतात: घरी बसून पेन्सिल पॅकिंग करा, टायपिंग करा, वाती करा, महिन्याला 30 हजार कमवा.

आमच्या जाऊबाईंनी बचत गटाचं कर्ज काढून वातीचं मशीन घेतलं. कंपनी कापूस देणार आणि तयार वाती तीच विकत घेणार, असा करार होता. पहिल्या मालाचे पैसे आले. दुसऱ्या वेळी ‘वाती एकसारख्या नाहीत’ म्हणून माल परत आला. तिसऱ्या वेळी फोनच लागला नाही. मशीन सपरीत पडून आहे आणि गटाचा हप्ता जाऊबाई निंदणाच्या मजुरीतून भरतात.

आधी पाहा, पैसे कोण मागतंय. नोंदणी, ओळखपत्र, कुरिअर, परत मिळणारी अनामत, नाव काहीही असो. पहिली रक्कम मुद्दामच लहान असते. ती बुडू नये म्हणून आपण दुसरी भरतो, मग तिसरी. पहिल्याच मागणीला थांबा.

मशीनचा व्यवहार असेल तर करार घरी आणून वाचा. ‘गुणवत्तेनुसार माल स्वीकारला जाईल’ असं वाक्य असेल, तर गुणवत्ता कोण ठरवणार आणि कशावरून, ते लिहून मागा. मग बाजाराच्या दिवशी पूजेच्या सामानाच्या दुकानात वातीचा ठोक भाव विचारा. कंपनी त्याहून जास्त भावानं घेतो म्हणत असेल, तर ती विकणार कुठे? तिची कमाई वातीवर नाही, मशीनवर आहे. तालुक्यात ज्यांनी आधी मशीन घेतलं, अशा दोन-तीन बाया स्वतः शोधा. कंपनीनं दिलेल्या नंबरांवर विसंबू नका. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, दाखवलं तरी भुलू नका. ते कुणालाही ऑनलाइन, फुकट, स्वतःच माहिती भरून मिळतं.

टेलिग्रामवरचं काम वेगळ्या वाटेनं येतं. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, आणि शे-दीडशे रुपये खरंच खात्यात पडतात. इथेच विश्वास बसतो. मग ‘प्रीपेड टास्क’साठी पैसे भरायला सांगतात. स्क्रीनवर जमा रक्कम वाढत जाते, पण काढायला गेलं की आधी टॅक्स मागतात. ती रक्कम फक्त आकडा असते. ग्रुपमध्ये कमाईचे स्क्रीनशॉट टाकणारेही बहुतेक त्यांचेच असतात.

टायपिंगच्या कामात शेवटी ‘चुका जास्त आहेत’ म्हणून वकिलाची नोटीस पाठवतात. शिकणाऱ्या पोरी घाबरून पैसे भरतात. भरू नका. कोर्ट कुणाच्या खासगी यूपीआयवर दंड भरायला सांगत नाही. नोटीस घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा.

बँक खातं कुणालाही वापरायला देऊ नका. ‘तुमच्या खात्यातून पैसे फिरवू, कमिशन देऊ’ म्हणणाऱ्यांचा पैसा दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीचा असतो. खातं गोठतं, पोलीस तुमच्या दारी येतात आणि कापसाचा चुकारा, लाडक्या बहिणीचे पैसे त्याच खात्यात अडकतात. एक आणखी लक्षात ठेवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत रोखता येते. बँकेलाही कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. जमत नसेल तर गावातल्या संगणक केंद्रावर बसून करा, पण ओटीपी आणि पिन तिथेही सांगू नका. बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती आपण पीक निघेपर्यंत जपतो, तसे व्यवहार क्रमांक, चॅट आणि करार जपा. लाजेपोटी चॅट पुसू नका. ‘बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल’ असा फोन आला, तर तीही फसवणूकच समजा.

आणि घरात सांगा. जाऊबाईंनी चार महिने कुणाला काही सांगितलं नाही. तेवढ्यात त्याच माणसानं शेजारच्या गावात आणखी मशीनं विकली.